जखम कुणाची, हात कुणाचा

'व्हल्नरेबल' हा इंग्रजी शब्द आता आपल्या कानांना सवयीचा झाला आहे. बातम्यांत, विम्याच्या कागदांत, लसीकरणाच्या याद्यांत, समुपदेशकांच्या बोलण्यात तो येतो आणि निघून जातो. ज्याला सहज इजा होऊ शकते असा, एवढा अर्थ आपण धरतो. शब्द सोलून पाहिला की आत जखम निघते. लॅटिनमध्ये 'वुल्नुस' म्हणजे जखम आणि 'वुल्नेरारे' म्हणजे जखमी करणं. इथवर सगळं सरळ आहे. पण उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'वुल्नेराबिलिस' असं विशेषण सापडतं आणि तिथे त्याचा अर्थ आहे जखम करणारा. ज्याला लागतं तो नव्हे, जो मारतो तो! इ.स. १६०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा 'घायाळ करणारा' या अर्थानंही तो क्वचित वापरला गेला. नंतर तो अर्थ गळून पडला आणि फक्त घायाळ होणारा उरला.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्यावरच अडकून राहिलो. एकाच शब्दात मारणारा आणि मार खाणारा दोघंही कसे मावले? मग हळूहळू वाटू लागलं की त्यात चमत्कारिक काहीच नाही. जखम व्हायला दोघं लागतात. आपण आज 'व्हल्नरेबल' म्हणतो तेव्हा त्यातला एकच डोळ्यांसमोर ठेवतो. दुसऱ्याचा हात चौकटीबाहेर जातो. इजा होऊ शकण्याविषयी इंग्रजीत जे शब्द आहेत, त्यांतले कितीतरी असेच आहेत. त्यांच्या मुळाशी गेलं की तो हात पुन्हा दिसू लागतो.

'व्हल्नरेबल'चं नातं आणखी मागे जातं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ ज्या आदिम धातूत शोधतात, त्याच धातूतून उत्तर युरोपातल्या जुन्या भाषेत रणात पडलेल्या वीरांसाठी 'वाल्र' हा शब्द आला असं मानतात. त्या वीरांचा महाल तो व्हॅल्हॅला, आणि रणांगणावरून त्यांची निवड करणाऱ्या देवकन्या त्या व्हॅल्किरी. म्हणजे आज एखाद्या सरकारी अर्जातल्या रकान्यात बसलेला हा शब्द आणि ओडिन देवाच्या त्या महालात मेजवानी झोडणारे मेलेले योद्धे एकाच कुळातले.

इंग्रजीत 'इनव्हल्नरेबल', म्हणजे ज्याला घाव लागूच शकत नाही असा, हा शब्द 'व्हल्नरेबल'च्या थोडा आधी नोंदला गेला. आधी अभेद्य माणसाची कल्पना आणि मग भेद्य माणसाला शब्द, हा क्रम मला विलक्षण वाटतो. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'च्या शेवटच्या अंकात दोन्ही कल्पना समोरासमोर येतात. ज्यांना घाव लागू शकतो अशा मस्तकांवर तलवार चालव, असं मॅकबेथ मॅकडफला बजावतो. त्याला चेटकिणींकडून आश्वासन मिळालेलं असतं की स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणीही त्याला इजा करू शकणार नाही. मॅकडफ मात्र नेहमीच्या रीतीनं जन्मलेला नसतो, आईचं पोट फाडून वेळेआधी काढलेला असतो. मॅकबेथच्या देहात या उत्तरानं काहीच बदलत नाही. क्षणापूर्वी जो अभेद्य होता, तो समोर कोण उभा आहे हे कळताच भेद्य ठरतो.

याहून जास्त मला जो शब्द धरून ठेवतो तो 'एक्सपोज्ड'. लॅटिन 'एक्सपोनेरे' म्हणजे बाहेर ठेवणं. आज आपण थंडीवाऱ्याला, विषाणूला, बदनामीला, बाजारातल्या चढउताराला एक्सपोज्ड असतो. छायाचित्रातही एक्सपोजर असतं. पण ग्रीक-रोमन जगात या बाहेर ठेवण्याला एक भयंकर ठरावीक अर्थ होता. नकोसं मूल घराबाहेर, रस्त्यावर, उकिरड्यावर किंवा डोंगरात नेऊन ठेवलं जाई. ते मरे, किंवा कुणी तरी उचलून नेई आणि पुष्कळदा गुलाम म्हणून वाढवी. घरात जन्मलेलं मूल ठेवायचं की नाही, हे ठरवणं रोमन बापाच्या अखत्यारीत होतं. इडिपस असाच टाकलेला, रोम्युलस आणि रीमसही तसेच. कथांमध्ये ही मुलं वाचतात, काही राजेही होतात. कथांबाहेर काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

आता याच्या शेजारी 'ससेप्टिबल' ठेवून पाहा. रोग चटकन जडेल असा, प्रभाव चटकन पडेल असा, हा आजचा अर्थ. मूळ लॅटिन क्रियापद 'सुस्किपेरे', म्हणजे खालून हात घालून वर उचलून घेणं, स्वीकारणं. आणि रोमन लोक नवजात बाळाला आपलं म्हणून स्वीकारण्यालाही हेच क्रियापद वापरत! एक शब्द बाळ बाहेर ठेवण्याचा, दुसरा बाळ उचलून घेण्याचा. दोन्ही इंग्रजीत आले आणि दोन्हींचा अर्थ 'इजा पोचू शकेल असा' होऊन बसला. उचलून घेणाऱ्याकडेही उघडेपण असतंच, कारण जो घेऊ शकतो त्याच्या आत काहीही शिरू शकतं.

बाहेर ठेवलेलं मूल हा अर्थ इंग्रजीत किती काळ टिकला याचा पुरावा लंडनमध्ये आहे. थॉमस कोरम हा जहाजांच्या धंद्यातला निवृत्त कप्तान. कामासाठी पहाटे शहराकडे जाताना त्याला रस्त्याकडेला टाकलेली तान्ही मुलं दिसत, काही जिवंत, काही मेलेली. त्यांच्यासाठी आश्रम काढायचा म्हणून तो सतरा वर्षं दारोदार फिरला. अनौरस मुलांना आसरा म्हणजे पापाला उत्तेजन, असं म्हणून मोठमोठे लोक दार लावून घेत. उमराव घराण्यांतल्या स्त्रियांनी त्याच्या अर्जावर सह्या केल्या, मग हवा फिरली. १७३९ मध्ये दुसऱ्या जॉर्ज राजानं सनद दिली. जग या संस्थेला फाउंडलिंग हॉस्पिटल म्हणतं, पण तिच्या अधिकृत नावात 'एक्सपोज्ड अँड डेझर्टेड यंग चिल्ड्रन' असे शब्द होते. बाहेर ठेवलेली आणि सोडून दिलेली लहान मुलं.

१७४१ च्या मार्चमध्ये दार उघडलं आणि पहिल्याच दिवशी जागा संपली. पुढच्या वर्षापासून चिठ्ठीसारखी पद्धत आली. बाळ कडेवर घेऊन आलेली आई पिशवीत हात घाली आणि एक चेंडू काढी. पांढरा निघाला तर बाळ निरोगी असल्यास आत. लाल निघाला तर थांबायचं, कुणी नाकारलं गेलं तर वर्णी. काळा निघाला तर बाळ घेऊन परत. भाषेत 'एक्सपोज' हे क्रियापद आहे आणि त्याला कर्ता असतो. पण त्या रांगेत उभी राहिलेली, बहुधा घरकाम करून पोट भरणारी तरुण मुलगी, तिला कर्ता म्हणायचं की तीही कुणी तरी बाहेर ठेवलेली, हे मला ठरवता येत नाही.

मूल दाखल होताना त्याच्या नोंदीच्या कागदाला एक खूण जोडली जाई. पुढे कधी आई परत आली तर हीच ती म्हणून ओळख पटावी यासाठी. कुणी फोडलेलं नाणं ठेवलं, कुणी बटण, कुणी अक्षरं कोरलेला धातूचा तुकडा. सर्वांत जास्त आहेत ते कापडाचे तुकडे; आईच्या किंवा बाळाच्या कपड्यांतून कापलेले. फुलाफुलांचं छापील कापड, पट्ट्यापट्ट्यांचं लिनन, फिती, भरतकाम केलेली बाही. काही तुकडे मधोमध कापलेले आहेत. अर्धा संस्थेकडे, अर्धा आईकडे. अशा हजारो तुकड्यांमुळे त्या नोंदवह्या म्हणजे अठराव्या शतकातल्या ब्रिटनमधल्या साध्यासुध्या माणसांच्या कापडांचा सर्वांत मोठा संग्रह होऊन बसल्या आहेत. श्रीमंतांचे पोशाख जपले गेले; गरिबांचे वापरून विरले आणि त्यांच्या चिंध्या झाल्या. गरीब बाई काय नेसत होती, हे आज कळतं ते तिनं सोडून दिलेल्या मुलाच्या कागदामुळे. १७४१ ते १७६० या काळात सोळा हजारांहून अधिक मुलं दाखल झाली. त्यांतली आयांनी परत नेली ती दीडशेच्या आसपास. निम्म्याहून जास्त मुलं दगावली. संगीतकार हँडल या संस्थेच्या मदतीसाठी आपल्या 'मसाया'चे प्रयोग करत असे, आणि चित्रकार हॉगार्थ तिचा विश्वस्त होता. त्यानं काढलेलं कोरमचं चित्र आजही पाहायला मिळतं.

'ससेप्टिबल'ची पुढची गोष्ट मुंबईपर्यंत येते. १९२७ साली एडिंबरामधल्या दोन शास्त्रज्ञांनी साथीच्या रोगांचं गणित मांडणारा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतला विल्यम केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याची दृष्टी गेली होती आणि पुढची सगळी गणितं तो डोक्यात करत होता. दुसरा अँडरसन मॅकेंड्रिक, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अनेक वर्षं काढलेला डॉक्टर. त्यांनी लोकसंख्येचे तीन भाग केले: ज्यांना रोग होऊ शकतो ते ससेप्टिबल, ज्यांना झाला आहे ते, आणि जे बरे होऊन किंवा मरून साखळीतून बाहेर पडले ते. समीकरणं खरी उतरतात का हे पाहायला त्यांनी जे आकडे घेतले, ते होते मुंबई बेटावरच्या प्लेगचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या आठवड्या-आठवड्याच्या मृत्यूंचे. कागदावर ती एक सुरेख चढती-उतरती रेघ आहे. त्या रेघेच्या खाली भायखळा-गिरगावातल्या चाळी आहेत, रिकाम्या केलेल्या खोल्या आहेत, हे कोणत्याही मराठी वाचकाला विसरता येणार नाही. माणसातला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब असतो, त्यामुळे हे गणित इथे फक्त ढोबळमानानंच लागू पडेल, याची त्या दोघांनाही कल्पना होती.

त्या गणितातून जे निघालं ते आजही थक्क करतं. तोपर्यंत अनेकांची समजूत अशी होती की साथ संपते ती एकतर रोगजंतूचा जोर ओसरल्यामुळे किंवा रोग होऊ शकेल असं माणूस शिल्लकच न राहिल्यामुळे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी दाखवलं की दोन्हींची गरज नाही. प्रत्येक रुग्णाकडून सरासरी एकाहून कमी माणसाला रोग जाऊ लागला की साथ उतरणीला लागते, आणि ती विझते तेव्हाही रोग होऊ शकणारी पुष्कळ माणसं तशीच शिल्लक असतात. त्यांच्या अंगात काही वेगळी ताकद नसते. त्यांच्यापर्यंत येणारी वाट तेवढी तुटलेली असते. लस न घेता येणारं तान्हं मूल आजूबाजूच्या लोकांनी लस घेतल्यामुळे गोवरापासून वाचतं, ते यामुळेच. ते मूल ससेप्टिबल असतं आणि सुरक्षितही असतं. दोन्ही एकाच वेळी.

काही शब्द झरझर पाहून पुढे जाऊ. 'लायेबल'च्या मुळाशी बांधणं आहे, 'लिगामेंट'मध्ये आहे तेच. जो बांधला गेलाय त्याच्यावर भरपाई किंवा संकट येऊ शकतं. 'फ्रेल' आणि 'फ्रॅजाइल' या जुळ्या बहिणी, लॅटिनमधल्या मोडणं या अर्थाच्या एकाच शब्दाच्या. एक फ्रेंचमधून झिजून आली, दुसरी तुलनेनं सरळ. 'जेपर्डी' हा तर मूळचा खेळ. जुन्या फ्रेंचमधलं 'ज्यू पार्ती' म्हणजे वाटलेला डाव, ज्यात दोन्ही बाजूंची शक्यता सारखी आहे असा. मध्ययुगीन इंग्रजीत बुद्धिबळातल्या कूटप्रश्नांनाही हेच नाव होतं. कवी चॉसरनं ते तसं वापरलंय. डाव अजून कुणाच्याही बाजूनं जाऊ शकतो, या स्थितीला इंग्रजांनी संकट म्हटलं.

'डेंजर' मात्र थांबून पाहण्यासारखा. आज त्याचा अर्थ धोका. तेराव्या-चौदाव्या शतकात तो सत्ता या अर्थी होता: धन्याचा अधिकार, त्याचा ताबा. लॅटिन 'डोमिनुस' म्हणजे धनी, घरचा मालक. त्यातून फ्रेंचमार्गे 'डेंजर' आला. एखाद्याच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे त्याच्या हाताखाली असणं, त्याच्या मर्जीवर असणं. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या न्यायालयात पोर्शिया अँटोनिओला हेच विचारते: शायलॉक तुझं बरंवाईट करू शकतो अशा त्याच्या कक्षेत तू आहेस ना? कर्जदार धनकोच्या डेंजरमध्ये आहे. त्याच्यावर कुठून तरी आपोआप संकट कोसळत नाही. समोर एक माणूस उभा आहे आणि त्याच्या हातात कागद आहे.

'डोमिनुस'च्या पाठी 'डोमुस' म्हणजे घर आहे, आणि त्या घराचं नातं वैदिक संस्कृतातल्या 'दम्' या घरवाचक शब्दाशी आहे. 'दम्पती' म्हणजे मुळात घराचे धनी. ग्रीकमध्ये याच जोडणीचा 'देस्पोटेस' झाला, ज्याचा इंग्रजी 'डेस्पॉट', हुकूमशहा. लग्नपत्रिकेतलं आपलं दांपत्य, युरोपातला हुकूमशहा आणि रस्त्यावरच्या लाल पाटीवरचा 'डेंजर', तिघांच्याही पायाखाली एकच घर आहे. मला शब्दांच्या दुनियेतली ही सर्वांत मोठी करामत वाटते, आणि त्यात एक अस्वस्थ करणारी गोष्टही आहे: जिथे घराचा धनी आहे, तिथे त्याच्या मर्जीवर जगणारंही कुणी असतं.

धन्यापासून सुटका करून घेऊन जरा पत्त्यांकडे वळू. १९२५ च्या शरदात हॅरल्ड व्हँडरबिल्ट हा अमेरिकी धनिक 'फिनलंड' नावाच्या जहाजातून पनामा कालव्याच्या मार्गानं जात होता. प्रवासात त्यानं ब्रिजच्या गुणांची नवी पद्धत मांडून सोबत्यांबरोबर खेळून पाहिली; तीच पुढे काँट्रॅक्ट ब्रिज म्हणून जगभर गेली. त्यात एक डाव जिंकलेल्या जोडीला पुढे हरल्यास जास्त दंड बसे. या स्थितीला नाव हवं होतं. जहाजावरच्या एका तरुण प्रवासी मुलीनं 'व्हल्नरेबल' सुचवलं. तिचं नाव व्हँडरबिल्टच्या लक्षात राहिलं नाही, शब्द मात्र खेळात कायमचा बसला. मला यातला नियमच फार शहाणा वाटतो. मागे पडलेली जोडी व्हल्नरेबल होत नाही. जी पुढे आहे, जिच्याकडे गमावण्यासारखं काही आहे, ती होते. आणि त्याच स्थितीत मोठा डाव जिंकला तर तिला बक्षीसही जास्त मिळतं.

आता ज्या शब्दानं मला राग आणला त्याकडे. 'प्रोन' म्हणजे पुढे झुकलेला, पालथा. उताराकडे तोंड असलेला. त्यातून कल असणं हा अर्थ निघाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया यंत्रांवर काम करत होत्या. ग्रीनवूड आणि वुड्स या दोन अभ्यासकांनी १९१९ मध्ये तिथल्या अपघातांचा हिशेब मांडला. अपघात सर्वांच्या वाट्याला सारखे येत नव्हते. थोड्या कामगारांच्या नावावर पुष्कळ होते. हे निरीक्षण मोलाचं होतं आणि त्यांनी ते जपून मांडलं होतं. पुढे १९२६ च्या सुमारास फार्मर आणि चेंबर्स यांनी 'ॲक्सिडेंट प्रोन' ही कल्पना रूढ केली: काही माणसं मुळातच अपघाताकडे झुकलेली असतात. झालं! बोट तुटलं तर यंत्राच्या उघड्या पात्यापेक्षा बोटाकडे बघणं सोयीचं झालं. अशी माणसं आधीच हुडकून काढावीत म्हणून चाचण्या निघाल्या. कित्येक दशकं उद्योगांमध्ये ही कल्पना ठाण मांडून होती, आणि तेवढा काळ यंत्राला जाळी बसवण्याचा विषय मागे ढकलायला ती उपयोगी पडली.

याच्या नेमकं उलट काम 'व्हल्नरेबिलिटी' या शब्दाकडून करून घेतलं ते आपत्तींचा अभ्यास करणाऱ्यांनी. १९७६ मध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की 'नैसर्गिक आपत्ती' या जोडशब्दातला 'नैसर्गिक' काढून टाकायची वेळ आली आहे. भूकंप, पूर, वादळ ही निसर्गाची. पण त्यांतून आपत्ती घडते ती माणसं कुठे राहतात, कशा घरात राहतात, कुणाच्या निर्णयांमुळे तिथे राहतात यावरून. धोका एक गोष्ट आणि त्या धोक्यापुढे उघडं असणं ही दुसरी. दोन्हींचा गुणाकार केल्यावर हानी कळते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून किल्लारी आणि सास्तूरचा परिसर झोपला होता. पहाटे चारच्या जरा आधी भूकंप झाला, ६.२ तीव्रतेचा. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्याआधी चार वर्षं कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला होता, ६.९ तीव्रतेचा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात कितीतरी पटींनी मोठा. तिथे ६३ माणसं मेली. दोन्हींची वेळ वेगळी, केंद्राचं वस्तीपासूनचं अंतर वेगळं, हे धरूनही फरक डोळे विस्फारणारा आहे. लातूर-उस्मानाबादच्या गावांतली घरं माळवदाची होती: मातीत बसवलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे थरावर थर दिलेलं छत. उन्हाळ्यात घर गार राहतं, दगड गावातच मिळतो. पिढ्यानपिढ्यांचं शहाणपण त्या घरात होतं, पण ते उन्हासाठीचं शहाणपण होतं. जमीन हलली तेव्हा भिंती सुट्या झाल्या आणि छताचं वजन झोपलेल्यांवर आलं. तोवर भूकंपाच्या सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नंतर २००२ मध्ये नकाशा सुधारला गेला आणि तो सर्वांत खालचा पट्टाच रद्द झाला. किल्लारीची माणसं भूकंपाकडे 'झुकलेली' नव्हती. त्यांच्या भिंतींना बांधणीचा एक आडवा पट्टा हवा होता आणि नकाशाला खालच्या खडकाची माहिती हवी होती.

शेवटी 'प्रीकेरियस'. डळमळीत, कधी कोसळेल सांगता येत नाही असा. आज अर्थशास्त्रात याला भाव आला आहे. कायम नोकरी नसलेल्यांच्या नव्या वर्गाला गाय स्टँडिंग यांनी २०११ मधल्या आपल्या पुस्तकात 'प्रिकॅरिएट' हे नाव रूढ केलं. पण शब्दाचं मूळ डळमळण्यात नाही. लॅटिन 'प्रेक्स' म्हणजे विनवणी, आणि 'प्रेकारियुस' म्हणजे विनवणी करून मिळवलेलं. इंग्रजीतला 'प्रे', प्रार्थना करणं, याच घरातला. आणि आपलाही माणूस तिथे आहे: संस्कृत 'पृच्छ्' आणि 'प्रश्न' याच आदिम धातूचे, आणि 'पृच्छति'चं प्राकृतातून मराठीत आलेलं रूप म्हणजे 'पुसणे'. आपल्या 'विचारपूस'मधली पूस!

रोमन कायद्यात 'प्रेकारियुम' ही एक नेमकी व्यवस्था होती. मालकाला विनवून एखाद्याला जमीन वापरायला मिळे. भाडं नाही, मुदत नाही, करार नाही. मालकाच्या मनात येईल त्या दिवशी ती परत घेता येई. तिसऱ्या कुणी त्या माणसाला हुसकावलं तर कायदा त्याच्या बाजूनं उभा राही. सगळ्या जगाविरुद्ध त्याला संरक्षण होतं, फक्त ज्याच्याकडून जमीन मिळाली त्या एका माणसाविरुद्ध नव्हतं. इंग्रजीतही सतराव्या शतकात हा शब्द आला तो याच कायदेशीर अर्थानं, दुसऱ्याच्या मर्जीवर टिकून असलेला.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे रायगड आणि ठाण्यातल्या कातकरी वाड्या येतात. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. ब्रिटिश राजवटीत जंगलावर सरकारी बंधनं आली, खैर तोडण्याची मोकळीक गेली, आणि हा समाज कोळसा पाडण्याकडे, शेतमजुरीकडे, वीटभट्ट्यांकडे ढकलला गेला. आजही कितीतरी कुटुंबं भट्टीमालकाकडून उचल घेतात आणि ती फेडायला पावसाळा संपल्यावर बायकामुलांसह भट्टीवर जातात. त्यांच्या अनेक वाड्या ज्या जमिनीवर आहेत, ती जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. कधी काळी एखाद्या शेतमालकानं मजूर जवळ असावेत म्हणून राहू दिलं. पिढ्या गेल्या, झोपड्यांची घरं झाली, पण सातबाऱ्यावर नाव मालकाचंच राहिलं. मुंबईची हद्द सरकत आली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला, तशी ती परवानगी केव्हाही मागे घेतली जाऊ शकते ही भीती खरी झाली. रोमन वकिलाला ही वाडी दाखवली असती तर त्यानं एका शब्दात तिचं वर्णन केलं असतं.

सरकार दरबारी कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे महाराष्ट्रातले तीन समाज एका खास यादीत आहेत. देशभरात असे ७५ आहेत. या यादीचं इंग्रजी नाव आधी 'प्रिमिटिव्ह ट्रायबल ग्रुप्स' होतं, आदिम म्हणजे मागे राहिलेले. २००६ मध्ये ते बदलून 'पर्टिक्युलर्ली व्हल्नरेबल ट्रायबल ग्रुप्स' झालं. कागदावरचा बदल एवढासाच, पण पहिलं नाव त्या माणसांकडे बोट दाखवतं आणि दुसरं नाव विचारायला भाग पाडतं की यांना इजा कुठून पोचते. जंगल कुणी बंद केलं? उचल कुणी दिली? जमीन कुणाच्या नावावर आहे? त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्यात मात्र जुना 'प्रिमिटिव्ह' शब्दच राहिला. तरी त्या कायद्यात आणखी एक शब्द आहे, 'राइट्स', हक्क. या समाजांच्या अधिवासावर, ते राहतात-वावरतात त्या भूभागावर, तो कायदा त्यांचा हक्क मान्य करतो; विनवणीचा प्रश्न तिथे येत नाही. कातकऱ्यांची अडचण अशी की त्यांच्या पुष्कळ वाड्या जंगलात नाहीतच, खासगी जमिनीवर आहेत, आणि वनहक्क कायदा तिथे पोचत नाही. तिथे वाडीला गावठाणाचा दर्जा मिळवावा लागतो. त्यासाठी तहसील कचेरीत अर्ज द्यावा लागतो, मोजणी व्हावी लागते, पिढ्यानपिढ्या इथेच राहत असल्याचे पुरावे जोडावे लागतात, आणि ज्या महिन्यांत कचेरीत खेटे घालायचे, नेमक्या त्याच महिन्यांत घरातली कर्ती माणसं भट्टीवर असतात.